खेचरांच्या जुन्या वाटेने जेलेप लापर्यंत: कालिम्पाँग, झुलुक, नथांग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पश्चिम बंगालमधल्या कालिम्पाँगहून निघून पेडोंग, मग सिक्कीममधलं रंगली, झुलुक, नथांग करत तिबेटच्या सीमेवरच्या जेलेप ला खिंडीच्या पायथ्याशी पोचणारी ही वाट म्हणजे एकेकाळचा भारत-ल्हासा व्यापाराचा सगळ्यात गजबजलेला रस्ता, आणि हा सगळा व्यापार खेचरांच्या पाठीवरून चालायचा. आता गाडीवाले, हॉटेलवाले सगळे याला 'सिल्क रूट' म्हणतात. बुकिंग करताना तुम्हीपण तेच नाव घ्या, नाहीतर समोरच्याला कळायचं नाही, पण इथला मुख्य धंदा होता लोकरीचा. मी जायचं ठरवलं तेव्हा माहिती शोधताना डोकं भणाणून गेलं होतं, एक जण म्हणतो परमिट गंगटोकला काढा, दुसरा म्हणतो रंगलीला, तिसरा म्हणतो दोन दिवसात सगळं उरकतं. म्हणून जे कळलं, जे उपयोगी पडलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ही ट्रिप खालून वर करा, म्हणजे कालिम्पाँगकडून चढत जा, आणि मुक्काम जमतील तितके तिथेच ठेवा जिथे खेचरांचे तांडे ठेवायचे. वाट कळायला तर हे बरं आहेच, तब्येतीलाही तेच मानवतं. का ते पुढे सविस्तर येईलच.

१. निघायच्या आधी वाट समजून घ्या

हे लोक टाळतात. मग झुलुकला जाऊन वळणांचे फोटो काढतात आणि परत येतात. तासभर वाचून गेलात तर तीच वळणं वेगळी दिसतील, म्हणून थोडक्यात सांगते.

कालिम्पाँग आधी भूतानच्या ताब्यात होतं, १८६५ च्या सिंचुला तहाने ते इंग्रजांकडे आलं. नकाशा उघडून बघा, सिक्कीम आणि भूतानच्या मध्ये तिबेटचा एक चिंचोळा पट्टा खाली दक्षिणेकडे घुसलाय, तीच चुंबी व्हॅली. ल्हासाहून बंगालच्या मैदानात यायला ही सगळ्यात जवळची वाट. चुंबीत उतरायला भारताच्या बाजूने दोन मोठ्या खिंडी, गंगटोककडून नथू ला आणि कालिम्पाँगकडून जेलेप ला. दोन्ही सुमारे १४ हजार फुटांवर. जेलेप ला ओलांडली की यातुंग, मग फारी, ग्यांत्से आणि मग ल्हासा. कालिम्पाँग ते ल्हासा पोचायला तांड्याला साधारण तीन ते चार आठवडे लागायचे.

या वाटेसाठी मारामाऱ्याही झाल्या. १८८६ मध्ये तिबेटी सैन्याने याच वाटेवरच्या लिंगतूला ठाणं बांधून रस्ता अडवला, १८८८ मध्ये इंग्रजांनी फौज पाठवून ते हटवलं आणि त्याच वर्षी नथांगच्या आसपास पुन्हा लढाया झाल्या. १८९३ च्या व्यापारी नियमांनुसार १८९४ मध्ये यातुंगची बाजारपेठ उघडली. तरी मनासारखा व्यापार होईना म्हणून १९०३ च्या डिसेंबरात यंगहजबंड या इंग्रज अधिकाऱ्याची लष्करी मोहीम याच जेलेप लावरून तिबेटात शिरली आणि १९०४ च्या ऑगस्टमध्ये ल्हासाला पोचली. त्या सप्टेंबरातल्या तहाने ग्यांत्से आणि गारतोकलाही बाजारपेठा मिळाल्या आणि कालिम्पाँगचं नशीब उघडलं. १९१० मध्ये चिनी फौजा ल्हासात आल्यावर तेरावे दलाई लामा निसटले तेही जेलेप ला ओलांडूनच भारतात आले.

खाली यायची मुख्यतः लोकर, सोबत कस्तुरी, कातडी आणि याकच्या शेपट्या. आपल्याकडे देवावर चवऱ्या ढाळतात ना, त्यासाठी याकच्या शेपटीचे केस लागायचे, तो माल असल्या वाटांवरून यायचा. वर जायचं सुती कापड, तंबाखू, साखर, लोखंडी सामान, रॉकेल, नंतर नंतर घड्याळं, पेनं असल्या वस्तू. तेराव्या दलाई लामांच्या मोटारीसुद्धा सुट्या करून डोंगरापलीकडे नेल्या होत्या. व्यापारी म्हणाल तर तिबेटी घराणी, कालिम्पाँगचे मारवाडी, काठमांडूचे नेवार, सगळे यात होते.

आता खेचरच का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. याक थंडीचा राजा पण खाली गरम दऱ्यांत उतरवला की आजारी पडतो, बैल खालच्या रस्त्यांना ठीक पण १४ हजार फुटांच्या खिंडीत बर्फात त्याचं काम नाही, घोडा ओझ्याखाली लवकर थकतो आणि नखरे जास्त. खेचर म्हणजे घोडी आणि गाढवाची संकर जात, ती रंगलीच्या दमट उकाड्यातही चालते आणि नथांगच्या वाऱ्यातही, पाय अगदी तोलून टाकते आणि साध्या चाऱ्यावर निभावते. एका खेचरावर साधारण दोन मण ओझं, म्हणजे पाऊणशे किलोच्या आसपास, खोगिराच्या दोन्ही बाजूंना एकेक गाठोडं, वजन समसमान. एक बाजू जरा जरी जड झाली तरी खोगीर सरकतं आणि जनावराची पाठ सोलवटते, म्हणून दर मुक्कामाला गाठोडी उतरवायची, सकाळी परत तोलून बांधायची. पुढच्या खेचराच्या कपाळावर लाल रंगवलेल्या याकच्या केसांचा तुरा आणि गळ्यात घंटा. घंटा शोभेची तर होतीच पण अरुंद वाटेवर समोरून दुसरा तांडा येत असेल तर ती ऐकूनच एकाने रुंद जागा बघून थांबायचं असायचं.

संपलं कसं तेही माहीत असू द्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने चिनी मालावर बंदी आणली त्यात तिबेटी लोकरही अडकली, आणि अमेरिका तर तिचं मोठं गिऱ्हाईक. मग १९५४ मध्ये चीनकडून ल्हासापर्यंत ट्रकचे रस्ते पोचले, त्याने खेचरांच्या व्यापाराचा कणाच मोडला. १९६२ च्या युद्धानंतर खिंडी बंदच झाल्या. नथू ला २००६ च्या जुलैत व्यापारासाठी पुन्हा उघडली, जेलेप ला मात्र नाही.

घरबसल्या बघायचं असेल तर दोन गोष्टी सुचवते. कालिम्पाँगहून दोर्जे थारचिन यांनी १९२५ पासून तिबेटी भाषेतलं वर्तमानपत्र चालवलं, 'तिबेट मिरर' म्हणून ओळखतात, त्यात बातम्यांसोबत लोकरीचे भावही छापून यायचे. कोलंबिया विद्यापीठाच्या लायब्ररीने त्याचे बरेच अंक स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. तिबेटी वाचता येत नसलं तरी चाळून बघा, चित्रं आणि जाहिराती बघूनसुद्धा अंदाज येतो. दुसरं म्हणजे ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमच्या 'तिबेट अल्बम'मधले जुने फोटो.

२. सीझन ठरवा

ऑक्टोबर शेवट ते नोव्हेंबर, आकाश स्वच्छ, कांचनजंगा दिसायची शक्यता सगळ्यात जास्त. एप्रिल-मे मध्ये गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो पण दुपारनंतर ढग चढतात. डिसेंबर ते मार्च वर बर्फ, रस्ता कधीही बंद होतो आणि नथांगला पाण्याचे पाईपसुद्धा गोठतात, पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये असं माझं मत. जून ते सप्टेंबर नकोच. दरडी, जळवा, धुकं, काही दिसत नाही.

३. कागदपत्रं जमवा

हा सीमेलगतचा संरक्षित भाग, परमिटशिवाय पुढे सोडत नाहीत. सोबत ठेवायचं ते असं:

- मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, ओरिजिनल. आधार सोबत असू द्या पण फक्त त्याच्या भरवशावर निघू नका. पॅन कार्ड चालत नाही.
- त्याच ओळखपत्राच्या प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स
- पासपोर्ट साइज फोटो, प्रत्येकाचे निदान सहा
- लहान मुलांचा जन्मदाखला आणि त्याच्याही झेरॉक्स
- झुलुक किंवा नथांगच्या होमस्टेचं नाव आणि फोन, कागदावर लिहून

परदेशी नागरिकांना या रस्त्यावर सोडत नाहीत. कोणाच्या घरी ओसीआय कार्डवाले पाहुणे असतील, त्यांनीही बुकिंगचे पैसे भरायच्या आधी चौकशी करावी.

ओळखपत्रावरचं नाव आणि बुकिंगचं नाव जुळतंय ना तेवढं घरीच बघून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथे हमखास अडतं, मतदार कार्डावर माहेरचं आणि बुकिंगवर सासरचं.

४. परमिट

कालिम्पाँगकडून चढत असाल तर परमिट रंगलीला होतं. गंगटोककडून उलटं येत असाल तर गंगटोकमधल्या नोंदणीकृत एजंटकडून. एवढं साधं आहे, गोंधळ होतो कारण दोन्हीकडचे लोक आपापलं सांगतात.

बहुतेक होमस्टेवाले स्वतःच परमिट काढून देतात, त्यांना आदल्या दिवशी कागद व्हॉट्सॅपवर पाठवून ठेवायचे. रंगलीला सकाळी लवकर पोचा, अकराच्या आत पोचलात तर उत्तम. उशीर झाला की रांग, मग जेवणाची सुट्टी, मग तुम्ही अंधारात झुलुकची वळणं चढताय, आणि तो रस्ता अंधारात चढायचा नसतो. सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा.

नथू लाचं परमिट पूर्ण वेगळं. सिल्क रूटच्या परमिटमध्ये ते धरलेलं नसतं, कोणी 'सगळं इन्क्लुडेड' म्हणालं तर कागद बघायला मागा. नथू ला सोमवार-मंगळवार पर्यटकांना बंद असते हे धरून दिवस मांडा. आणि जेलेप लावर साध्या पर्यटक परमिटने जाता येत नाही, ती कुपुपच्या बाजूने लांबून बघायची. सीमेवरचे नियम वरचेवर बदलतात, निघायच्या आठवड्यात एकदा होमस्टेवाल्याला विचारून घ्याच.

५. पोचायचं कसं, गाडी कोणती

विमानाने बागडोगरा किंवा ट्रेनने न्यू जलपायगुडी. तिथून कालिम्पाँगला शेअर जीप मिळते, पूर्ण गाडीही मिळते. तीस्ता नदीच्या काठाने जाणारा हायवे दरडींनी सारखा बंद पडतो, ४ ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून जो पूर आला त्यात तर या रस्त्याचं फार नुकसान झालं. म्हणून त्या दिवशी ड्रायव्हर लावा गावाच्या बाजूने फिरवून नेतो म्हणाला तर वाद घालू नका, वेळ जास्त लागेल पण पोचाल.

कालिम्पाँग ते रंगली कुठलीही गाडी चालेल. पुढे मात्र स्थानिक सिक्कीमची गाडी घ्या, उंच चाकांची. स्वतःची किंवा बाहेरच्या नंबरची गाडी नेणार असाल तर पुढे सोडणार का ते आधी पक्कं करा. स्थानिक ड्रायव्हरचा अजून एक फायदा म्हणजे जुनी पायवाट कुठे रस्त्याला छेदते ते त्याला ठाऊक असतं, फक्त पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं की मला ती बघायचीय, नाहीतर तो फक्त व्ह्यू पॉइंटला थांबतो.

६. मुक्काम खेचरांच्या हिशोबाने ठेवा

हा भाग नीट वाचा.

तांडा रोज सारखं अंतर कापत नसे. जिथे पाणी, चारा आणि सपाट जागा तिथे मुक्काम, आणि मोठ्या चढाच्या आधी हमखास थांबायचं, म्हणजे जनावर सकाळी ताजं असताना चढायला लागेल. त्यामुळे या वाटेवरची जुनी गावं बघा, बहुतेक एखाद्या चढाच्या पायथ्याला नाहीतर माथ्यावर आहेत. आपल्यालाही हेच सोयीचं, कारण शरीराला उंचीची सवय टप्प्याटप्प्यानेच होते.

कालिम्पाँग, सुमारे चार हजार फूट. दोन रात्री. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण, दुसऱ्या दिवशी दहावा मैल भागात चालत फिरा. लोकरीचा व्यापार इथे एकवटला होता, तांडे इथे उतरायचे, गोदामांत लोकर निवडायची, प्रत वेगळी करायची, नव्याने गाठी बांधायच्या आणि खाली रवाना. खाली तीस्ताकाठी गियेलखोलापर्यंत छोटी रेल्वे यायची, १९१५ ची, ती १९५० च्या पुरात गेली ती गेलीच. दहाव्या मैलात आज रोजची दुकानं आहेत, कोणी पाटी लावून ठेवलेली नाही, त्यामुळे जुन्या इमारतींचे रुंद दरवाजे, मागची अंगणं असं बघत जायचं आणि दुकानात म्हातारं माणूस बसलेलं दिसलं तर चहा घेत विचारायचं. नेपाळी भाषेत वयस्कर बाईंना बोजू म्हणतात, पुरुषांना बाजे, त्या हाकेने सुरुवात केलीत की माणसं मोकळेपणाने बोलतात. हिंदी चालतं.

पेडोंग. कालिम्पाँगपासून जवळच, एक रात्र. उंची जवळपास तेवढीच. इथे डामसांग किल्ल्याचे अवशेष आहेत, लेपचा लोकांचा राजा ग्याबो आच्युक याच्याशी जोडलेले. दगडी भिंतींचे तुकडे आणि जंगल, फार काही उरलेलं नाही, पण तिथून दऱ्या कशा उघडतात ते बघितलं की इथे ठाणं का ठेवलं असेल ते लगेच समजतं.

मग रस्ता रेशी नदीपर्यंत खाली उतरतो, नदी ओलांडली की सिक्कीम, पुन्हा चढून रेनॉक, वाटल्यास वर आरिटारला लामपोखरी तलाव आणि इंग्रजांच्या काळातला डाकबंगला. असे डाकबंगले या वाटेवर टप्प्याटप्प्याने होते, साहेब लोकांचा मुक्काम तिथे आणि तांड्याचा जवळच्या माळावर. एक रात्र आरिटारला काढा म्हणजे दुसऱ्या दिवशी रंगलीला लवकर पोचता.

रंगली तीन हजार फुटांच्याही खाली. इथून पुढे वाट जी उठते ती उठतेच. लिंगताम, पदमचेन, झुलुक, लुंगथुंग, नथांग, म्हणजे गाडीने काही तासांत दहा हजार फुटांहून जास्त चढ. जुने लोक पदमचेनला थांबायचे, तेव्हाच्या लिखाणात ते सेदोनचेन म्हणून येतं, आणि तिथून लिंगतूचा चढ या सगळ्या वाटेवरचा सगळ्यात वाईट मानला जायचा. अक्षरशः दगडी जिना, तोही मैलोनमैल, पावसात आणि धुक्यात.

म्हणून पदमचेन (सुमारे आठ हजार फूट) एक रात्र, झुलुक (सुमारे दहा हजार) दोन रात्री. पॅकेजवाले पदमचेन गाळतात आणि झुलुकला एकच रात्र देतात, तुम्ही मागून घ्या. झुलुकच्या दुसऱ्या दिवशी पहाटे थांबी व्ह्यू पॉइंट, तिथून खालची वळणावळणांची वाट आणि समोर कांचनजंगा. मग त्याच दिवशी लुंगथुंगपर्यंत जाऊन परत झुलुकलाच झोपायला या. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलं की शरीर जुळवून घेतं.

नथांग, साडेतेरा हजारांच्या आसपास. इथे रात्र काढायची की नाही हे झुलुकच्या दुसऱ्या सकाळी ठरवा, घरून ठरवू नका. डोकं दुखत नसेल, झोप लागली असेल, भूक असेल तर एक रात्र जरूर काढा. नाहीतर दिवसा थांबून पुढे गंगटोककडे निघा, त्यात काही कमीपणा नाही.

कुपुपला हत्तीच्या आकाराचं सरोवर दिसतं, बितान छो, आणि त्याच्या वरच्या अंगाला डोंगररांगेत जी खाच दिसते ती जेलेप ला. ड्रायव्हरला नेमकी दाखवायला सांगा कारण अशा खाचा दोन-तीन दिसतात. तिथून पुढे बाबा हरभजन सिंग यांचं मंदिर, मग त्सोमगो म्हणजे छांगू सरोवर (१२,३१३ फूट), मग गंगटोक.

७. नथांगला घाईत पुढे जाऊ नका

वर सांगितलेल्या १८८८ च्या मोहिमेत इंग्रजांचं ठाणं नथांगलाच होतं, आणि इथे त्यांच्या सैनिकांची छोटी दफनभूमी आहे. गाड्या सहसा थांबत नाहीत. मी म्हणते थांबा. कंपाउंडच्या आत उभं राहिलं की वारा चारी बाजूंनी येतो, झाड एक नाही, जमिनीलगत खुरटी झुडपं आणि गवत, आणि तेही हिवाळ्यात बर्फाखाली. अशा जागी मैदानातून आणलेली माणसं महिनोन्महिने राहिली. १९०३-०४ च्या हिवाळ्यात तर याच वाटेने सगळा शिधा वर जात होता, न्यूमोनियाने माणसं गेली, हिमदंशाने बोटं गेली, आणि ओझ्याची जनावरं किती मेली त्याला सुमार नव्हता. याकवर बुळकांडीची साथ आली, वाटेत बचनाग खाऊनही जनावरं दगावली. बचनाग म्हणजे निळ्या-जांभळ्या फुलांचं विषारी झुडूप, या उतारांवर आपोआप उगवतं, आणि जनावराला भूक लागली की ते तोंड घालणारच, म्हणून त्या पट्ट्यातून जाताना खेचरांच्या तोंडाला मुसकी बांधायची पद्धत होती. तुम्हीसुद्धा वाटेतलं कुठलंही निळं-जांभळं फूल तोडू नका, लहान मुलांना तर हातच लावू देऊ नका.

८. जुनी पायवाट बघायची असेल तर

गाडीरस्ता वळणं घेत जातो आणि जुनी वाट सरळ चढते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना ठिकठिकाणी छेदतात. पदमचेनच्या वर आणि लुंगथुंगच्या बाजूला अजून दगडी फरसबंदीचे तुकडे दिसतात. ओळखायचं कसं? ओबडधोबड दगड आडवे बसवलेले असतात, पायऱ्या माणसाच्या पावलाला जरा जास्तच लांब आणि कमी उंचीच्या, कारण ओझ्याच्या जनावराला उंच पायरी चढता येत नाही. मधले दगड गुळगुळीत आणि कडेचे खडबडीत. मी एका दगडावर हात फिरवून बघितला तर मधोमध उथळ खोलगट झालेला, पाणी साचेल इतका, आणि कडेला शेवाळ. खूर वर्षानुवर्षं एकाच जागी पडत गेले की असं होतं.

तुकडाभरच चाला, अर्धा-पाऊण तास, आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच. हा लष्करी भाग आहे, मनाने रस्ता सोडून जंगलात शिरायचं नाही. उतरताना चाललात तर दम कमी लागतो, गाडी खाली थांबवून ठेवायची. ओले दगड भयंकर निसरडे, साध्या स्पोर्ट शूजने घसराल, खाचा असलेले ट्रेकिंग शूज हवेत.

अजूनही या भागात सामान वाहणारी खेचरं समोर येऊ शकतात. तेव्हा नेहमी डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. ओझं दोन्हीकडे बाहेर आलेलं असतं आणि जनावराला त्याचा अंदाज नसतो, नुसता धक्का लागला तरी माणूस खाली. फोटो काढायला समोर जाऊ नका, मागून तर अजिबात नको, लाथ बसते.

९. उंचीचं गांभीर्याने घ्या

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, चक्कर, ही सुरुवात. अशा वेळी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, लगेच खाली उतरवायचं. ऑक्सिजनचे छोटे डबे विकतात ते दहा मिनिटांचा दिलासा, उतरण्याला पर्याय नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते घरच्या डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष करून. दम्याचे, हृदयविकाराचे पेशंट, गरोदर बायका, अगदी लहान बाळं यांनी झुलुकच्या वर जायच्या आधी डॉक्टरांशी बोला. पहिले दोन दिवस दारू नको. पाणी भरपूर, जेवण हलकं.

गंगटोककडून उलटी ट्रिप केली की पहिल्याच दिवशी तुम्ही थेट साडेबारा-तेरा हजार फुटांवर जाता, बहुतेकांची डोकी तिथेच धरतात. खालून वर जा म्हणतेय ते यासाठी.

१०. सामान

थर्मल, लोकरी टोपी, हातमोजे, वाराबंद जॅकेट, नोव्हेंबरातसुद्धा. गॉगल आणि सनस्क्रीन. टॉर्च, पॉवर बँक दोन, कारण वीज जाते आणि थंडीत बॅटरी पटकन उतरते. नेहमीची औषधं, ओआरएस. रोख पैसे कालिम्पाँगलाच काढून घ्या, रंगलीच्या पुढे एटीएम आणि यूपीआयवर विसंबू नका. नेटवर्क येतं-जातं, घरी आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस फोन लागणार नाही.

११. लोक कुठे अडकतात

'दोन रात्री तीन दिवस' पॅकेज. त्यात रंगलीहून निघून त्याच दिवशी नथांगला झोपवतात. पैसे वाचतात, ट्रिप मात्र आजारपणात जाते.

लष्कराच्या चौक्या, बंकर, ताफे यांचे फोटो. काढायचे नाहीत, चालत्या गाडीतूनसुद्धा नाही. ड्रोन घरीच ठेवा.

ठरल्या वेळेला चिकटून बसणं. बर्फ पडला, लष्कराचा ताफा आला, दरड आली की रस्ता थांबतो आणि कोणाच्या हातात काही नसतं. ड्रायव्हरवर चिडून उपयोग नाही, तो म्हणाला आज वर नको तर नको.

होमस्टेत हॉटेलसारखी अपेक्षा. गरम पाणी बादलीने मिळतं, जेवण घरचं, भात-डाळ-भाजी-अंडं, आणि रात्री आठला सगळं शांत. दीदींना संध्याकाळी चारपर्यंत सांगायचं किती माणसं जेवणार, कारण भाजी खालून येते.

आणि परतीचं विमान. गंगटोक ते बागडोगरा त्याच तीस्ताकाठच्या हायवेने यायचंय, तेव्हा फ्लाइटच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवून तिकीट काढा, आणि गंगटोकहून पहाटेच निघा.